‘प्रकार्य’ कशाला, ‘कार्य’ का नाही?

एका वाचकाने विचारलंय: रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञावरच्या प्रकरणात पानोपानी ‘प्रकार्य’ (इंग्रजीतलं ‘फंक्शन’) येतं, तिथे साधं ‘कार्य’ का चालत नाही? आणि ‘अप्रकट प्रकार्य’ला ‘छुपा हेतू’ म्हटलं तर?

पहिल्या प्रश्नात गंमत अशी की मर्टनलाही हीच अडचण आली होती. १९४९च्या आपल्या गाजलेल्या निबंधात तो आधी ‘फंक्शन’ या शब्दाची झाडाझडती घेतो. या एका शब्दाचे त्याने पाच अर्थ काढलेत: समारंभ, व्यवसाय, पदावरच्या माणसाची कामं, गणितातला अर्थ आणि जीवशास्त्रातून आलेला अर्थ, म्हणजे एखादा भाग सबंध व्यवस्था टिकायला जो हातभार लावतो तो. त्याला हवा होता हा पाचवा. मराठीत गणितवाल्यांनी ‘फल’ घेऊन आपली सोय केली, उरलेले बहुतेक अर्थ ‘कार्या’च्या गळ्यात पडले. ‘त्यांच्याकडे कार्य आहे’ म्हटलं की आपल्याला मांडवच दिसतो! तेव्हा ‘प्र’ लावून शब्द वेगळा काढला ते बरं झालं. कानाला जड आहे खरा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ठाम ‘नाही’. हेतू माणसाच्या मनात असतो, प्रकार्य हा परिणाम असतो, आणि या दोहोंची गल्लत करू नका हेच तर मर्टनचं मुख्य सांगणं. त्याचं उदाहरण अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या होपी लोकांच्या पर्जन्यविधीचं. विधी करतात तो पाऊस पडावा म्हणून. त्याने पाऊस पडत नाही, म्हणून ‘अंधश्रद्धा’ असा शेरा मारून मोकळं होता येतं. पण एरवी विखुरलेली माणसं त्या निमित्ताने एकत्र येतात, एका कामात गुंततात आणि आपण एक आहोत ही भावना पक्की होते. हे कुणी ठरवलेलं नसतं, बहुधा कुणाच्या ध्यानातही येत नाही. हेच अप्रकट प्रकार्य. मराठीत ‘म्हणून’ आणि ‘त्यातून’ हे दोन शब्द हाताशी धरले तर सहसा चुकणार नाही: पाऊस पडावा म्हणून नाचले, त्यातून एकी टिकली. ‘छुपा हेतू’ म्हणालात की कुणीतरी पडद्याआड बसून डाव रचतोय असं वाटतं, आणि इथे तर डाव रचणारा कुणीच नाही. ‘अप्रकट’ आपल्याला शाळेच्या विज्ञानातल्या ‘अप्रकट उष्म्या’मुळे ओळखीचा आहेच. तिथेही उष्णता दडवलेली नसते, फक्त तापमापीवर दिसत नाही.

जाता जाता ‘अपकार्य’. मॅलिनोव्स्कीसारख्या मानवशास्त्रज्ञांचा रोख असा होता की प्रत्येक प्रथा काही ना काही गरज भागवतेच. मर्टनला हे मान्य नव्हतं. प्रथेमुळे व्यवस्थेचं नुकसानही होऊ शकतं, तेच अपकार्य, आणि एकाच गोष्टीने एका गटाचं भलं तर दुसऱ्याचं वाटोळं होऊ शकतं. नोकरशाहीचे नियम काम नीट चालावं म्हणून केलेले, पण कर्मचारी नियमांनाच इतका चिकटतो की समोरच्याचं काम अडतं. त्यामुळे ‘समाजासाठी प्रकार्यात्मक’ असं मोघम लिहू नका. कोणासाठी, ते त्याच वाक्यात आलं पाहिजे.