जिल्हा संघटना वाढवायची तर आधी कागद, मग क्लब, रेटिंग स्पर्धा शेवटी

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि आमचीच जुनी फाईल कुणीतरी समोर आणून टाकली असं वाटलं. जिल्हा बुद्धिबळ संघटना जुनी, कागदावर कार्यकारिणी पूर्ण, राबणारी माणसं दोन-तीन. तुम्ही नव्याने सचिव झालात, तालुक्यांत एकही क्लब धड चालत नाही, बँक नव्या सह्या घ्यायला तयार नाही आणि अध्यक्ष म्हणतायत की एक मोठी रेटिंग स्पर्धा (जिच्यातले डाव खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय गुणांकनात, म्हणजे रेटिंगमध्ये, धरले जातात) घेऊ म्हणजे सगळं आपोआप हलेल. हेच ना? स्पर्धा कशी भरवायची, स्विस लीग, पेअरिंग, बाय, टायब्रेक वगैरे तुम्हाला येतच असणार, त्यावर लिहीत नाही.

मी वकील नाही हे आधीच सांगतो. महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात संघटनेचं काम केलेला माणूस आहे, बास. कायद्याचं जे लिहितोय ते एकदा तुमच्या सीएला किंवा ट्रस्टचं काम करणाऱ्या वकिलाला विचारून घ्या.

बँकेचं आधी. बँक तुम्हाला मुद्दाम छळत नाहीये, तिला लागणारा कागदच तुमच्याकडे नसणार. आपल्याकडच्या अशा बहुतेक संघटना १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेल्या असतात आणि सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली पण, म्हणून दोन नंबर असतात, त्यातला एफ ने सुरू होणारा ट्रस्टचा. निवडणूक झाली, ठराव झाला, पेपरात हारतुऱ्यांसकट फोटो आला तरी बँकेच्या लेखी तुम्ही सचिव नाही. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतल्या ट्रस्टच्या नोंदवहीच्या, म्हणजे शेड्यूल वनच्या उताऱ्यावर ज्यांची नावं तेच पदाधिकारी. ती नावं बदलायची तर ट्रस्ट कायद्याच्या कलम २२ खाली त्याच कचेरीत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल नोंदवायचा अर्ज, द्यायचा, तोही बदल झाल्यापासून ९० दिवसांत. हे ९० दिवस बहुतेक संघटना पाळत नाहीत आणि सगळं भिजत घोंगडं इथूनच पडतं.

आमच्यात आधीच्या दोन कार्यकारिण्यांनी रिपोर्ट दिलेलाच नव्हता. माणसं चांगली होती हो, स्वतःच्या खिशातून चषक आणणारी, रात्री उशिरापर्यंत थांबून टेबलं लावणारी, पण कागदाचा मनस्वी कंटाळा. त्यामुळे उताऱ्यावर जी नावं होती त्यातले दोघं वारलेले, एक मुलाकडे परदेशात आणि खजिनदारांनी बुद्धिबळच सोडून दिलेलं, फोन उचलला तर ‘आता मला त्यात ओढू नका’ एवढंच म्हणायचे. आम्ही आमच्या निवडणुकीचा रिपोर्ट घेऊन गेलो. कोणती कचेरी, कुठल्या गावची ते लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. पहिल्यांदा सांगितलं, सभेची नोटीस जोडा. जोडली. मग नोटीस सगळ्यांना पोचल्याचा पुरावा आणा. आणला. मग वारलेल्यांचे मृत्यूचे दाखले. मग खजिनदारांच्या आडनावात उताऱ्यावर पहिली वेलांटी आणि आधारकार्डवर दुसरी, म्हणून प्रतिज्ञापत्र. हे सगळं होईपर्यंत टेबलावरचा माणूस बदलला, नवीन माणसाने फाईल चाळली आणि म्हणाला, अहो पण मधल्या कार्यकारिण्यांचे रिपोर्ट कुठेत, ते मंजूर झाल्याशिवाय तुमचा घेताच येणार नाही.

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. साखळी तुटलेली होती आणि ती जोडावीच लागते. पण हे पहिल्या दिवशी सांगायला काय जात होतं? पाच मिनिटं फाईल वाचली असती तर कळलं असतं. त्याऐवजी एकेक कागद मागत राहायचं आणि विचारलं की ताकास तूर लागू द्यायची नाही. शेवटी तिथल्याच एका बाईंनी जेवणाच्या सुट्टीत एका जुन्या पाकिटाच्या मागे सगळी यादी ओळीने लिहून दिली, कुठला रिपोर्ट आधी, कुठला नंतर, कशाला विलंब माफीचा अर्ज. त्या पाकिटावर आमचं काम झालं. म्हणजे माहिती होती त्या इमारतीत, फक्त ती द्यायची इच्छा एकाच माणसाला होती.

आता याची खरी किंमत काय पडली ते ऐका, कारण खेटे घालण्याचं काही नाही, ते सगळेच घालतात. त्या काळात खात्यात पैसे जात होते, बाहेर येत नव्हते. प्रायोजकाचा चेक जमा झाला, स्पर्धा झाली, आणि बक्षिसं मात्र आम्ही घरातून घालून दिली. काही पालकांना बक्षिसाची रक्कम उशिरा मिळाली. झालं. ‘संघटनेने पैसे खाल्ले’ ही बातमी पसरायला दोन दिवस लागले. आम्ही पासबुक दाखवत फिरलो पण ज्याला विश्वास ठेवायचा नसतो तो पासबुक बघत नाही. दोन तालुक्यांतले क्लब, जे त्यातल्या त्यात बरे चालले होते, त्यांनी वर्गणी द्यायची थांबवली, आणि त्यातल्या एकाने तर स्वतःचीच ‘जिल्हास्तरीय’ स्पर्धा सुरू केली, आमच्या निवड चाचणीच्याच रविवारी. पोरं कुठे जाणार? जिथे मित्र जातात तिथे. कागद नंतर मिळाला, तो विश्वास मात्र अजून पूर्ण आलेला नाही.

म्हणून तुम्ही सगळ्यात आधी उतारा काढा आणि त्यावर शेवटची कार्यकारिणी कोणती आहे ते बघा. मधल्या निवडणुकांची इतिवृत्तं शोधा, मिळतील तिथून मिळवा, जुन्या सचिवांच्या घरी कपाटावर असतात. जे जुने पदाधिकारी हयात आहेत त्यांच्या ना हरकतीच्या सह्या आत्ता घ्या, पुढच्या महिन्यात नाही. तुमच्या नव्या लोकांची संमतीपत्रं, आधारच्या प्रती, नावाचं स्पेलिंग, सगळं एकदा जुळवून बघा. प्रत्येक कागद आवकला नोंदवून शिक्का असलेली पोच घ्या, तोंडी ‘ठेवा इथे’ यावर जाऊ नका. आणि कुणी म्हणालं की तोपर्यंत एन्ट्री फी माझ्या फोनवर घेऊ, हिशेब नंतर बघू, तर स्पष्ट नाही म्हणा. माणूस कितीही सज्जन असला तरी नाही. उलट जास्तच नाही, कारण उद्या आरोप झाला तर तोच होरपळतो.

अजून एक सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच, की जुनं मढं सोडा आणि नवी संघटना काढा. नका काढू, हे माझं ठाम मत आहे. राज्य संघटनेची मान्यता एका जिल्ह्याला एकच असते. दोन संघटना झाल्या की दोन निवड चाचण्या होतात आणि पुढे कुठल्या यादीतलं पोर राज्याला जाणार यावर मोठ्या माणसांची भांडणं.

आता क्लब. कागद फिरत असताना क्लबांचं काम थांबवायची अजिबात गरज नाही, त्याला बँक खातं लागत नाही. आपल्याकडे क्लब म्हटलं की लोक क्लास समजतात. क्लासमध्ये सर शिकवतात, फी असते, नववीत गेलं की पोरगं बंद होतं. क्लबमध्ये येऊन नुसतं खेळायचं, नववीतल्या पोराने रिटायर्ड पोस्टमास्तरांशी खेळायचं आणि हरायचं. क्लासला माझा विरोध नाही, क्लासवाले आहेत म्हणून पोरं तरी आहेत. पण संघटनेच्या कार्यकारिणीत सगळेच क्लासवाले असतील तर क्लब होणार नाहीत. का ते तुम्हीच ओळखा. (कुणाला लागलं असेल तर माफ करा, पण हे बघितलेलं आहे.)

जागेसाठी तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय बघा. पेपर वाचणारे सकाळी येतात, संध्याकाळी वाचनकक्ष रिकामा असतो आणि ग्रंथपालाला माणसं आलेली हवीच असतात. आठवड्यातला एक वार, एक वेळ, आणि ती हलवायची नाही. पाऊस असो, मॅच असो, दोघंच आलेले असोत. पट गुंडाळायचे घ्या, घड्याळं सुरुवातीला दोन पुरतात. वजीर हरवतोच, बाटलीचं झाकण चालतं, कुणी तक्रार करत नाही. भिंतीवर एक कागद लावा नावांच्या क्रमाने, आपल्या वरच्या दोघांपैकी कुणालाही आव्हान द्यायचं, जिंकलात तर जागा बदला. आमच्याकडे त्या कागदासाठी लोक यायला लागले. एक आजोबा चौथ्या नंबरवर होते, ते दर वेळी आल्या आल्या चष्मा लावून आधी कागद बघायचे, मग चप्पल काढायचे.

सांगलीचं उदाहरण सगळे देतात आणि योग्यच आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ वर्षानुवर्षं चालवलं, भाग्यश्री साठे म्हणजे नंतरच्या ठिपसे, स्वाती घाटे अशा खेळाडू त्या गावातून पुढे आल्या. लोक त्यातून एका माणसाची तपश्चर्या एवढंच घेतात. मला त्यात दुसरं दिसतं, की उन्हाळा आला की सांगलीत स्पर्धा असणार हे राज्यातल्या खेळणाऱ्याला माहीत असायचं. तपश्चर्या सगळ्यांना जमत नाही, पण ठरलेली वेळ पाळणं तर जमेल?

नाहीतर काय होतं बघा. २०२४ ला बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये भारताला खुल्या आणि महिला गटातली दोन्ही सुवर्णं मिळाली, संघांत नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख. मग जुलै २०२५ ला दिव्याने बातुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा वर्ल्ड कप जिंकला आणि थेट ग्रँडमास्टर झाली. प्रत्येक वेळी पालकांचे फोन येतात, खास करून मुलींच्या. आणि आपण काय सांगतो, तर ‘पुढची स्पर्धा जाहीर झाली की कळवतो’. तोपर्यंत पोरगी दुसऱ्या कशात तरी रमते. त्या आठवड्यात ‘बुधवारी सहाला वाचनालयात या’ एवढं सांगता आलं पाहिजे.

तीन-चार क्लब उभे राहिले की वैयक्तिक स्पर्धा न घेता सांघिक लीग घ्या. चार पटांचे संघ, एक पट पंधराच्या आतल्याचा, एक मुलीचा किंवा महिलेचा, बाकी दोन कुणीही. एकदा तुमच्या गावात, एकदा त्यांच्या. मुलीचा पट सक्तीचा केला की क्लब स्वतःहून मुली शोधतात, तुम्हाला भाषण द्यावं लागत नाही. सुरुवातीला कुरकुर होईल, होऊ दे.

रेटिंग स्पर्धेबद्दल तुमच्या अध्यक्षांना एवढं सांगा. १ मार्च २०२४ पासून फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, रेटिंगचा तळ, म्हणजे कमीत कमी रेटिंग, १००० वरून १४०० वर नेला. नव्या खेळाडूला रेटिंग मिळायला रेटिंगवाल्या खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात आणि हिशेब १४०० च्या खाली आला तर रेटिंग लागतच नाही, पहिल्याच स्पर्धेत त्यांच्याशी शून्य गुण झाले तर ते डाव धरलेच जात नाहीत. म्हणजे तालुक्यातलं नवखं पोर फी भरून, दिवसभर बसून, बहुधा रिकाम्या हाताने घरी जाणार आणि रोख बक्षिसं बाहेरून आलेले रेटिंगवाले नेणार. क्लासिकल घ्यायची तर दोघं १८०० च्या खाली असले तरी प्रत्येकाला डावाला किमान ६० मिनिटं द्यावी लागतात, एका दिवसात उरकत नाही. दोन वर्षं लीग खेळलेली पोरं तयार झाली की घ्या जरूर, त्यांना तेव्हा फायदा होईल. आत्ता घेतलीत तर फोटो चांगले येतील, हे मान्य.

पालकांचा एक घोळ आधीच मिटवा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या १४, १७, १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धा वेगळ्या आणि संघटनेच्या निवड चाचण्या वेगळ्या. दोन्हीला लोक ‘डिस्ट्रिक्ट’च म्हणतात आणि मग सर्टिफिकेट चुकीचं निघालं म्हणून तुमच्याशी भांडतात. माहितीपत्रकावर ठळक लिहा. तारखाही त्यांचं वेळापत्रक बघून लावा.

आणि हो, पंच म्हणून कुणाचा कोच बसवू नका, कितीही नड असली तरी. फोन हॉलच्या बाहेर ठेवायला लावा, डाव चालू असताना खिशात फोन सापडला तर फिडेच्या नियमाने तो डाव हरला जातो, आणि दहा वर्षांच्या पोराला हे सांगायची वेळ आली की त्याच्यापेक्षा त्याचे वडील जास्त रडारड करतात.

उतारा मिळाला की त्यावर शेवटची नोंद कुठल्या सालची आहे आणि मधल्या किती निवडणुका राहिल्यात तेवढं इथे लिहा. त्या पाकिटावरच्या यादीचा फोटो माझ्याकडे आहे, तुमच्या केसला त्यातलं काय लागेल ते बघून सांगतो.