माळ्यावरची कपबशी

मावशी, सलाम. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आई गेली. पाळकसाहेब म्हणाले, ती प्रभूजवळ पोचली. माझा भाऊ लग्नानंतर ॲडव्हेंटिस्ट या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत जातो. तो कबरीपाशीच म्हणाला, आई कुठंच पोचली नाही, ती झोपली आहे. प्रभू येईल तेव्हा उठेल, तोवर तिला काही कळत नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मी मोबाइलवर वचनं पाठवते, तो उलट वचनं पाठवतो. मला रात्र-रात्र झोप नाही. बाबा आमच्या वादात पडत नाहीत. ते सकाळी दोन कप चहा करायचे, एक आईच्या खाटेपाशी ठेवायचे. ख्रिस्ती घरात हे बरं दिसत नाही, लोक नैवेद्य म्हणतील, म्हणून मी आईची कपबशी माळ्यावर टाकली. आता त्यांनी चहाच सोडला, बाकी तब्येत बरी आहे. मावशी, आई आत्ता नेमकी कुठे आहे? आमच्यापैकी खरं कोण?

(पत्र थोडक्यात दिलं आहे.)

तुझं मूळ पत्र चार पानांचं. त्यातली साडेतीन भावावर. बाबांच्या वाट्याला शेवटी तीन ओळी आल्या, आणि त्यांतलीही एक "बाकी तब्येत बरी आहे" अशी. अगं, जन्मभर पहाटे उठून चहा पिऊन वावरात जाणाऱ्या माणसानं चहा सोडला, तर तब्येत बरी कशी? मी ती ओळ तीनदा वाचली आणि मला तुझा राग आला. राग ठेवूनच लिहिते आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाहीतर तू पुढचं वाचणारच नाहीस. मी स्वतः तुझ्या बाजूची. वधस्तंभावरच्या चोराला येशू म्हणाला, "मी तुला खचित सांगतो, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील"; त्यातलं "आज" मी आजच समजते. प्रेषित पौलालाही देह सोडून ख्रिस्ताजवळ जावं असं वाटत होतं. नुसतं झोपायची ओढ माणसाला अशी लागत नाही. पण तुझ्या भावाच्या हातातही पवित्र शास्त्रच आहे. मेलेल्यांना काही कळत नाही, हे त्यातल्या उपदेशक या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात आहे. मेलेला लाजर झोपला आहे, हे खुद्द प्रभूचे शब्द. चोराला दिलेल्या वचनातला स्वल्पविराम "आज"च्या आधी की नंतर, यावरही त्याची मंडळी वाद घालते, कारण जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हं नव्हती. हा वाद तुमच्या ओसरीत जन्मलेला नाही. पोप बाविसावे जॉन १३३१ पासून प्रवचनांत सांगत होते की, धार्मिकांच्या आत्म्यांना शेवटच्या न्यायापूर्वी देवाचं पूर्ण दर्शन होत नाही. १३३४ मध्ये मरणाच्या दारात त्यांनी ते मागं घेतलं, आणि त्यांच्यानंतरच्या पोपनं १३३६ मध्ये उलट निर्णय जाहीर केला. धर्मसुधारक लूथर मरणाला पुनःपुन्हा झोप म्हणायचा. दुसरा सुधारक कॅल्व्हिन, त्यानं १५३४ मध्ये आत्मा झोपतो म्हणणाऱ्यांविरुद्ध आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं जमलं नाही ते तुम्ही बहीणभाऊ मोबाइलवर मिटवणार आहात का?

आणि एक बघ. ती उठेल, यावर तुम्हा दोघांचं एकमत आहे. भांडण आहे ते मधल्या रात्रीचं. झोपलेल्याला रात्र केवढी होती ते कळत नाही, म्हणजे भावाचं खरं असलं तरी आईला वाट पाहावी लागत नाही. वाट पाहतोय तो एकटा माणूस, खाटेपाशी.

आता कपाकडे ये. तू त्याला नैवेद्य म्हणालीस. बाबांना विचारलंस? नाही. लोक काय म्हणतील ते मात्र तुला न विचारता कळलं. मी अशी माणसं पाहिली आहेत. आमच्या शेजारचे एक आजोबा बायको गेल्यावर वर्षभर दोन कप भरत. कुणी हटकलं तर एवढंच म्हणत, "तिले सकायी चहा लागे." मेलेली येऊन पिईल असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. थंड झालेला चहा ते स्वतःच बशीत ओतून पीत, आणि कप पालथा घालून वावरात जात. हात सवयीनं दुसरा कप भरतो, त्याला भरू द्यावं.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात याईराची बारा वर्षांची पोर मेलेली असते. येशू म्हणतो, ती झोपेत आहे. लोक त्याला हसतात. तो तिचा हात धरतो, "मुली, ऊठ" म्हणतो, ती उठून चालायला लागते. तू मधे कुठं होतीस, असं त्या पोरीला कुणी विचारत नाही. तो घरच्यांना एकच सांगतो, हिला काहीतरी खायला द्या. पुन्हा उठलेला प्रभू स्वतःसुद्धा शिष्यांकडे खायला मागतो आणि भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. आपली आशा अशी आहे, अंगाची, तोंडात चव असलेली. आई उठेल तेव्हा ती खाणारी-पिणारी आई असेल. मग तिचा कप बाबांच्या हाताशी असला तर तुझ्या विश्वासाला कुठं धक्का लागतो? चोराचं वचन तू भावाला चाळीसदा पाठवलं असशील. पण झोपी गेलेल्यांविषयी थेस्सलनीकाकरांना लिहिताना पौल शेवटी काय सांगतो? या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. तुमच्या घरात या वचनांनी सांत्वन कुणाचं झालं, सांग.

भावाचं नंतर पाहू. त्याला आज काही पाठवू नकोस, माफीसुद्धा नको; त्यातही तू एखादं वचन घालशील.

तू उद्या पहाटे बाबांच्या आधी ऊठ. माळ्यावरून कपबशी काढ, चहा तू ठेव, दोन कप भर. एक त्यांना दे, दुसरा खाटेपाशी नेऊन ठेव. तुझ्या हातानं, त्यांच्यासमोर. काही समजावू नकोस. ते बोलले तर ऐक, नाही बोलले तर बसून राहा. आणि बशी आधी नीट धुऊन घे, माळ्यावरची धूळ असेल.