आरोग्य प्रश्नोत्तरे : गाठ पूर्ण का काढायची?

प्रश्न : धाकट्या भावाच्या मानेतील गाठीच्या सुईतपासणीत लिम्फोमाचा (लसीका पेशींच्या कर्करोगाचा) संशय व्यक्त झाला आहे. आता डॉक्टर अख्खी गाठ काढून तपासू म्हणतात. याची खरोखर गरज आहे का?

उत्तर : होय. सुईतून सुट्या पेशी मिळतात, परंतु लिम्फोमाचा प्रकार ठरवण्यासाठी गाठीची अंतर्गत रचनाही पाहावी लागते. लिम्फोमाचे हॉजकिन व नॉन-हॉजकिन असे दोन मुख्य गट आहेत. थॉमस हॉजकिन या डॉक्टरांनी १८३२ मध्ये वर्णन केलेल्या हॉजकिन लिम्फोमाच्या नेहमीच्या प्रकारात, घुबडाच्या डोळ्यांसारखी दोन केंद्रके असलेल्या रीड-स्टर्नबर्ग पेशी मोजक्याच असतात आणि निरोगी पेशींच्या गर्दीत विखुरलेल्या असल्याने सुईच्या नमुन्यातून सहज निसटतात. रचना पाहिल्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने (प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रथिने रंगवून दाखवणाऱ्या चाचणीने) पेशींवरील खुणा तपासतात : रीड-स्टर्नबर्ग पेशींवर सीडी ३० व बहुधा सीडी १५ ही प्रथिने आढळतात, तर नॉन-हॉजकिनच्या बी-पेशींच्या (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) बहुतेक प्रकारांत सीडी २०. त्यांतही फॉलिक्युलर प्रकार सहसा संथ वाढतो आणि डिफ्यूज लार्ज बी-सेल झपाट्याने, म्हणून नुसते ‘नॉन-हॉजकिन’ एवढे निदान उपचारांसाठी पुरेसे नाही. आपल्याकडे मानेची गाठ क्षयाचीच समजून अंदाजानेच क्षयाची औषधे सुरू होतात, हे मला धोक्याचे वाटते. काढलेल्या गाठीचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) न टाकता क्षयाच्या तपासणीसाठीही पाठवावा, असे शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सुचवावे.