निळी-पांढरी नक्षी नेमकी कुणाची?

प्रश्न थोडक्यात असा: आजीच्या ट्रंकेत एक निळी-पांढरी ताटली सापडली. तिच्यावर वाकलेलं झाड, पूल, पुलावर तीन माणसं आणि वर दोन पक्षी. ती जुनी चिनी आहे का? ही निळी-पांढरी कला मुळात चीनची, इराणची की युरोपची? जयपूरची ब्लू पॉटरी म्हणजे हेच का? आणि आजचे कलाकार यात काही नवं करतात का?

ताटलीचं आधी सांगून टाकते. वर्णनावरून ती चिनी नाही, इंग्रजी आहे. या नक्षीला ‘विलो पॅटर्न’ म्हणतात. १७९० च्या सुमारास इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर भागात ती रूढ झाली आणि तिचं श्रेय बहुतेक वेळा स्पोड यांच्या कारखान्याला दिलं जातं. त्या पुलावरच्या तिघांची एक करुण प्रेमकथाही सांगतात. श्रीमंत बापाची मुलगी, गरीब कारकून, पळून जाणं आणि शेवटी दोघांचे पक्षी होणं. ही कथा चीनमध्ये कुणाला ठाऊक नव्हती. माल खपावा म्हणून ती इंग्लंडमध्ये रचली गेली.

खात्री करायची असेल तर ताटली खिडकीशी न्या आणि काठाच्या नक्षीवरून बोट फिरवत फिरवत बघा. एखाद्या ठिकाणी नक्षी तुटलेली दिसेल, म्हणजे अर्धं फूल एकीकडे आणि पुढचा भाग जरा खाली सरकलेला. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली नक्षी पातळ कागदावर छापून घ्यायची आणि तो कागद भांड्यावर चिकटवायचा, अशी ती पद्धत. कागदाची दोन टोकं जिथे भेटतात तिथे हमखास घोटाळा होतो. हाताने रंगवलेल्या भांड्यात असा सांधा नसतो, तिथे रेष जाड-बारीक होते. मागे ‘इंग्लंड’ असा शिक्का असेल तर ताटली बहुधा १८९१ नंतरची, कारण त्या साली अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव छापणं सक्तीचं केलं. अशा ताटल्या अक्षरशः लाखोंनी निघाल्या, तेव्हा कुणी मोठी किंमत सांगितली तर हुरळून जाऊ नका.

आता मूळ प्रश्न, कला कुणाची. मी पुण्यात सिरॅमिक्सचं काम करते, त्यामुळे माझं उत्तर भट्टीपासून सुरू होतं. पोर्सेलिन, म्हणजे आतबाहेर पांढरं असं चिनी मातीचं भांडं, पक्कं व्हायला साधारण १३०० अंश सेल्सियस लागतात. एवढ्या आचेत बहुतेक रंग उडून जातात. तांब्याचा लाल टिकतो, पण तो अतिशय लहरी; एकाच भट्टीत एक भांडं लालचुटूक निघतं आणि शेजारचं राखाडी. कोबाल्ट या धातूचा निळा मात्र टिकतो आणि ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या, खाली राहूनही रेष धरतो. म्हणजे निळाच का, याचं पहिलं कारण सौंदर्यदृष्टी वगैरे नाही. उरला तोच रंग.

कोबाल्ट ऑक्साइड बघायला अगदी काळं असतं, काजळासारखं. ब्रश टेकवला की भाजलेलं भांडं पाणी लगेच पिऊन टाकतं, रेष जिथे पडली तिथेच अडकते, खोडायची सोय नाही. आणि हा रंग इतका जबर की शंभर ग्रॅम ग्लेझमध्ये एक ग्रॅम घातलं तरी भांडं गर्द निळं होतं. बोटाला लागलेली नकळतशी पूड भांड्याच्या कडेला लागली, तर भट्टीत जाण्याआधी तिथे काही दिसत नाही. बाहेर आल्यावर मात्र अंगठ्याचा ठसा रेघारेघांसकट निळा होऊन उमटलेला असतो. चीनमध्ये तर न भाजलेल्या, नुसत्या वाळलेल्या कच्च्या भांड्यावर रंगवतात. त्यावर ग्लेझ चढवून एकदाच भट्टी लावतात. हाताची एवढी तयारी व्हायला आयुष्य जातं.

पण पांढऱ्यावर निळं काढण्याची जी पहिली मोठी परंपरा दिसते, ती चीनमधली नाही. नवव्या शतकात अब्बासी खलिफांच्या काळात इराकमधल्या बसऱ्याच्या कुंभारांनी चीनहून आलेली शुभ्र भांडी पाहिली. तसं काही करावं तर त्यांच्या नदीकाठची माती पिवळट. मग त्यांनी युक्ती केली. ग्लेझमध्ये कथिल घातलं की ते दुधासारखं पांढरं आणि अपारदर्शक होतं. पिवळी माती त्याखाली झाकून टाकली. त्या पांढऱ्यावर कोबाल्टने पानं, ताडाची झावळी, कधी नुसतं कुणाचं तरी नाव. रंग ग्लेझमध्ये किंचित पसरलेला असतो, टीपकागदावर शाई फुटावी तसा. मला स्वतःला ही भांडी नंतरच्या गुळगुळीत चिनी भांड्यांपेक्षा जास्त आवडतात.

त्याच काळात उलट दिशेनेही काही चाललेलं होतं. १९९८ साली इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ एक बुडालेलं जहाज सापडलं. ते नवव्या शतकातलं, बांधणी अरबी पद्धतीची, आणि पोटात चिनी भांडी सुमारे ६० हजार. त्यात तीन निळ्या-पांढऱ्या ताटल्या अखंड निघाल्या. भांडी चीनमध्ये घडलेली, नक्षी मात्र पश्चिम आशियातल्या गिऱ्हाइकाच्या चवीची. पुढे चीनमध्ये हा प्रकार जवळजवळ थंडावला. सोंग राजवटीतल्या रसिकांना पाचूसारखी हिरवट किंवा नुसती पांढरी, नक्षी न काढलेली भांडी हवी असत.

खरा धमाका चौदाव्या शतकात, मंगोल युआन राजवटीत झाला. जिआंगशी प्रांतातल्या जिंगदेझेन गावाकडे उत्तम माती होती. तिथल्या गाओलिंग टेकडीवरूनच जगभर त्या मातीला ‘केओलिन’ म्हणतात. पण चांगला कोबाल्ट येत होता इराणमधून, कशानजवळच्या कमसरच्या खाणींतून. या खनिजात लोह जास्त, त्यामुळे रंग जिथे दाट बसतो तिथे काळपट ठिपके उठतात. जुनी भांडी ओळखणारे लोक हे ठिपके आधी शोधतात. त्यानंतरच्या मिंग राजवटीत तर चिनी लोक बाहेरून येणाऱ्या निळ्याला ‘मुसलमानी निळा’ म्हणत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक उंच फुलदाण्यांची जोडी आहे. त्यावरच्या लेखात १३५१ साल आहे आणि घरच्यांच्या सुखरूपतेसाठी ती एका मंदिराला वाहिल्याचं लिहिलं आहे. त्या बघितल्यावर कळतं की तोवर कारागिरांचा हात पूर्ण बसलेला होता.

या मालाचे मोठे गिऱ्हाईक होते पश्चिम आशियातले आणि भारतातले दरबार. चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर रुंदीची ताटं चिनी माणसाच्या जेवणात कशाला लागतात? एका ताटाभोवती बसून जेवणाऱ्यांसाठी ती घडवलेली. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात या काळातला फार मोठा साठा आहे. इराणच्या शाह अब्बासने १६११ मध्ये अर्दबीलच्या दर्ग्याला हजाराहून जास्त चिनी भांडी दान केली. आणि दिल्लीत तुघलक राजवाड्याच्या अवशेषांत १९६१ साली युआन काळातल्या भांड्यांचे तुकडे ढिगाने सापडले. काहींवर शाही मुदपाकखान्याची खूण कोरलेली आहे. चीनमधल्या जाणकारांचं मत मात्र वेगळंच होतं. १३८८ सालच्या एका लेखनात त्साओ चाओ नावाच्या रसिकाने या निळ्या-पांढऱ्या मालाला सरळ गावंढळ ठरवलं आहे! ज्या वस्तूला आज आपण चीनची ओळख म्हणतो, ती तेव्हा निर्यातीचा भडक माल होती.

युरोपचं फार लांबवत नाही. डचांनी १६०३ मध्ये सिंगापूरच्या सामुद्रधुनीत ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज लुटलं, त्यातली चिनी भांडी ॲमस्टरडॅममध्ये लिलावात विकली आणि तिकडे वेड लागलं. मिंग राजवट १६४४ मध्ये कोसळल्यावर चीनचा माल अडला. मग डच व्यापारी जपानच्या अरिता गावाकडे वळले, आणि हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या कुंभारांनी घरच्या घरी नक्कल सुरू केली. पोर्सेलिनचं गुपित त्यांना ठाऊक नव्हतं. मातीवर कथिलाचं पांढरं ग्लेझ द्यायचं आणि वर कोबाल्टने रंगवायचं, एवढंच त्यांना येत होतं. म्हणजे बसऱ्याच्या कुंभारांची तीच जुनी युक्ती, जी मुसलमानी स्पेन आणि इटलीतून फिरत फिरत हॉलंडला पोचली होती. चिनी भांड्यांची बरोबरी करायला दोन्ही ठिकाणी एकच उपाय, मध्ये आठशे वर्षं. डेल्फ्टच्या भांड्याचा टवका उडाला की आतली पिवळसर माती दिसते. पोर्सेलिन आतही पांढरंच असतं आणि टॉर्च धरला तर पातळ कडेतून उजेड आरपार येतो. युरोपात खरं पोर्सेलिन जमलं ते जर्मनीत, १७०८ च्या सुमारास. ते जमवणारा बोटगर हा सोनं करून दाखवतो म्हणून सॅक्सनीच्या शासकाने डांबून ठेवलेला किमयागार. याच शासकाने पुढे १७१७ मध्ये १५१ चिनी भांड्यांच्या बदल्यात प्रशियाला ६०० घोडेस्वार शिपाई देऊन टाकले.

गोव्याला गेलात तर पणजीच्या मिनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जरूर डोकवा. भिंतींवर निळ्या-पांढऱ्या ‘अझुलेजो’ टाइल्स आहेत, जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराने १९३५ मध्ये केलेल्या, पोर्तुगीज महाकाव्यातल्या प्रसंगांच्या. टाइल लावायची रीत पोर्तुगीजांकडे आली मूर लोकांकडून, म्हणजे तिथल्या मुसलमानांकडून, तर निळ्या-पांढऱ्याची आवड चिनी भांडी आणि डच टाइल्स बघून. बहुतेक पर्यटक बाहेरच्या पिवळ्या घरांचे फोटो काढून निघून जातात, आत कुणी फिरकत नाही.

एकच नाव सांगा असा हट्ट असेल, तर मी वाटणी करून सांगेन. पांढऱ्यावर निळं ही कल्पना बसऱ्याची, तिला पूर्णत्व दिलं जिंगदेझेनने, आणि तिचा आकार-उकार ठरवला गिऱ्हाइकाने. ‘चीनने शोधलं, बाकीच्यांनी ढापलं’ हे वाक्य इंटरनेटवर सगळीकडे दिसतं. ते चूक आहे.

जयपूरची ब्लू पॉटरी हे या घराण्यातलं निराळंच पान. तिच्यात चिकणमाती जवळजवळ नसतेच! गारगोटीची म्हणजे क्वार्ट्झची पूड, कुटलेली काच, थोडी मुलतानी माती, टाकणखार, साजी (सोड्याचा खार) आणि डिंक यांचा लगदा मळतात. त्याला चिकटपणा नसल्यामुळे चाकावर मोठं भांडं ओढता येत नाही. पोळीसारखा लाटून साच्यात दाबतात, पोटात राख भरतात म्हणजे आकार ढासळत नाही. गळा आणि बैठक वेगळी करून जोडतात. भट्टीही कमी आचेची, ८०० ते ८५० अंशांची. आता हे बघा: कशानच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ साली लिहून ठेवलेली कृती आहे, दहा भाग क्वार्ट्झ, एक भाग काच, एक भाग पांढरी माती. चीनसारखी माती नसलेल्या इराणी कुंभारांनी वापरलेली ही पळवाट. तुर्कस्तानातल्या इझनिकची भांडीही याच जातीची. तेव्हा जयपूरचं नातं चीनशी फार दूरचं आणि इराणशी सख्खं आहे.

जयपुरात ती रुजली एकोणिसाव्या शतकात, सवाई रामसिंह दुसरे यांच्या काळात. १९५० च्या आसपास ती संपल्यात जमा होती. हस्तकलांसाठी झटणाऱ्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या खटपटीतून कृपालसिंह शेखावत या कामात आले. शांतिनिकेतनात शिकलेला चित्रकार माणूस. त्यांनी रंगांची, आकृत्यांची नव्याने घडी बसवली आणि पुढची पिढी तयार केली. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घेताना एक लक्षात ठेवा, ही भांडी नाजूक असतात. मी चहाला वापरत नाही. दाराच्या मुठी आणि टाइल्स मात्र बिनधास्त घ्या.

आजच्या कलाकारांपैकी मला सगळ्यात भावते ब्राझीलची ॲड्रियाना वारेजाँव. तिच्या कामात अझुलेजोची भिंत फाटलेली असते आणि आतून रक्तामांसाचे लोळ बाहेर येतात. वसाहतीच्या इतिहासावर हजार पानं वाचून जे पोटात ढवळत नाही ते एका भिंतीने होतं. लेई श्वे नावाचा चिनी कलाकार चेपलेले कोल्ड्रिंकचे डबे चिनी मातीत घडवतो आणि त्यांवर मिंग पद्धतीचे डोंगर आणि फुलं रंगवतो. पहिल्यांदा हसू येतं, मग रेषेची सफाई बघत बसतो आपण.

आणि चिनी कलाकार आय वेईवेई. २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात त्याने सूर्यफुलाच्या दहा कोटी बिया पसरल्या, प्रत्येक पोर्सेलिनची, प्रत्येक हाताने रंगवलेली. निळं काही नाही त्यात, राखाडी-काळ्या रेघा फक्त. पण काम सगळं जिंगदेझेनचं: सुमारे १६०० कारागीर, अडीच वर्षं, एका बीला दोन-चार फटकारे. नाव लागलं ते कलाकाराचं, आणि त्यावरून बरीच टीकाही झाली. टीका मला पटते, पण हे नवीन आहे असं कुणी म्हणू नये. १६३७ साली चीनमध्ये छापलेल्या एका तंत्रग्रंथात म्हटलंय की एक पेला पुरा व्हायला ७२ जणांच्या हातांतून जातो. कुणी फक्त वर्तुळं काढायचा, कुणी नुसत्या बाह्यरेषा, कुणी त्यात पाण्यासारखा पातळ निळा भरायचा. त्या पेल्याच्या बुडाशी नाव असायचं ते बादशहाच्या राजवटीचं.