टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाली खेळायच्या) गेममध्ये किल्ले कुणी बांधतच नाही. त्यांचा उपयोग वाढवायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की गेममध्ये किल्ल्याचा बचाव २५ टक्क्यांवरून ५० केला, मग ७५ केला, तरी खेळणारे किल्ले बांधत नाहीत. बांधलाच तर शत्रू नकाशावरच्या शेजारच्या घरावरून निघून जातो. आकडा १०० केलात तरी हेच होणार. ज्या भिंतीवर डोकं आपटायला कुणी येतच नाही, ती किती जाड आहे याला काय महत्त्व?

मी नाशिकचा. पेठ रोडने निघालं की पंधराएक किलोमीटरच्या आत आशेवाडीजवळ रामशेज किल्ला लागतो. साल्हेर-धोडप बघितलेल्या माणसाला तो बुटकाच वाटतो. १६८२ मध्ये औरंगजेबाने शहाबुद्दीन खानाला इथे पाठवलं, तेव्हा मोगलांनाही हे चार दिवसांचं काम वाटलं असणार. खानाने लाकडी दमदमा, म्हणजे गडावर मारा करायला उंच बुरूज, उभा केला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तर मराठ्यांनी लाकूड पोखरून, त्यावर चामडं चढवून तोफा केल्या, असं मोगलांचा इतिहास लिहिणारा खाफीखान लिहितो. नंतर आलेल्या बहादूरखानाने तर मांत्रिकाच्या सांगण्यावरून सोन्याचा नागसुद्धा करवून घेतला. गड पाच-सहा वर्षं हटला नाही.

तुमच्या गेममध्ये हाच किल्ला असता तर खान त्याला वळसा घालून पुढे गेला असता. मग प्रत्यक्षात का अडकला? एकदा वर चढून बघा. टाक्यांच्या बाजूला उभं राहिलं की नाशिककडचं पठार आणि पेठकडची वाट दोन्ही नजरेखाली येतात. खालून धान्याचे बैल निघाले की वरच्यांना दिसणार, आणि रात्री शंभर माणसं उतरून ते पळवणार. किल्ला मागे शिल्लक ठेवून पुढे गेलेल्या फौजेची चूल विझते. तुमच्या गेममध्ये नेमकं हेच नाहीये: वळसा फुकट आहे.

तेव्हा भिंतीचा आकडा परत २५ वर आणा आणि रसदेचा नियम घाला. शिबंदी (राखणीची फौज) असलेल्या शत्रूच्या किल्ल्यापासून दोन घरांच्या आतून ज्या फौजेची रसद जाते, ती फौज दर चालीला थोडी खंगत जाईल. शिबंदी नसेल तर किल्ला म्हणजे नुसते दगड. मी आणि धाकट्या भावाने षटकोनी घरांच्या कागदावर हे खेळून बघितलंय. आधी तीन घरांचा पल्ला ठेवला होता, तर चार किल्ल्यांतच सगळा नकाशा गोठला आणि दोघंही आपापल्या गडावर बसून राहिलो. दोन घरं ठेवली आणि डोंगराआड पल्ला जाणार नाही असं ठरवलं, तेव्हा कुठे खिंडी शोधणं सुरू झालं.

दुसरी गोष्ट वेढ्याची. तटबंदीची ताकद मोजण्यापेक्षा आतल्या कोठाराचे दिवस मोजा. आम्ही गडावर बारा चालींचं धान्य ठेवतो. वेढा पडला की ते उतरायला लागतं, छापा घातला की आणखी पटकन उतरतं. आता वरच्याला प्रश्न पडतो की मदत बारा चालींत पोहोचेल का? आणि वेढा घालणाऱ्यावर बाहेरून हल्ला झाला तर त्याचा बचाव निम्मा करा. १६७२ ला आमच्याच जिल्ह्यातल्या साल्हेरला मोगलांचा वेढा पडला होता. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर फौजा घेऊन आले आणि उघड्या मैदानात मोगलांचा धुव्वा उडवला. गडाने शत्रूला एका जागी धरून ठेवलं, एवढंच त्याचं काम होतं. वेढेकरी अडकित्त्यातल्या सुपारीसारखा सापडला. हा डाव जुळून आला की खेळणाऱ्याला जी मजा येते, ती ७५ टक्के बचावातून कधीच येणार नाही.

बाकीच्या गेमनी काय केलंय ते थोडक्यात. सिव्हिलायझेशन ५ मधला साधा फोर्ट आत उभ्या युनिटला (सैन्याच्या तुकडीला) नुसता ५० टक्के बचाव देतो, म्हणून कुणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. त्याच गेममधला सिटाडेल हा खास किल्ला मात्र लोक आवडीने बांधतात, कारण शेजारी थांबलेल्या शत्रूला तो दर चालीला इजा करतो आणि आजूबाजूची जमीनही बळकावतो. खरं सांगायचं तर निम्मे लोक तो जमिनीसाठीच बांधतात! बॅटल फॉर वेसनॉथमध्ये नवीन सैनिक किल्ल्यातच भरती होतात, त्यामुळे लढाई आपोआप त्याच्याभोवती फिरते. फ्रीसिवमध्ये उघड्यावर एकत्र उभी असलेली युनिटं एकाच्या हरण्याने सगळी मरतात, किल्ल्यात मरत नाहीत. म्हणजे किल्ल्याने असं काही द्यायला हवं जे दुसरीकडे मिळत नाही.

खर्चाचंही बघा. किल्ला बांधून होईपर्यंत सरहद्द पुढे सरकलेली असते, ही सगळ्याच गेमची रड. आमच्याकडचे बरेच डोंगरी किल्ले कुणी दर लढाईला नव्याने बांधले नाहीत. यादव, बहमनी, निजामशाही, मोगल, मराठे असे ते हातोहात फिरत राहिले. तुम्हीही नकाशावर सुरुवातीपासूनच पडके किल्ले ठेवा. डागडुजी स्वस्त, नवीन बांधकाम महाग. मग भांडण बांधण्यावरून न होता ताब्यावरून होईल, आणि ते जास्त चांगलं.

शिबंदीचा दर्जाही वेगळा धरा. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्र्यंबकचा गड घेतल्यावर आजूबाजूचे कितीतरी बेलाग गड न लढता शरण गेले. सपाटीवरचा मालेगावचा किल्ला मात्र आतल्या अरबांनी जवळजवळ महिनाभर लढवला. एक मोठा गड पडला की शेजारच्या कच्च्या शिबंदीचं धैर्य खचेल असा नियम चार ओळींच्या कोडमध्ये बसतो.

कॉम्प्युटर खेळाडू किल्ल्यांकडे दुर्लक्ष करतो ही तुमची तक्रार त्यामानाने किरकोळ आहे. तो वाट शोधताना किल्ल्याच्या पल्ल्यातल्या घरांचा खर्च वाढवा. वळसा महाग झाला की तो स्वतःच वेढ्याकडे वळेल.

आणि फितुरी ठेवाच. रामशेज शेवटी तोफांनी पडला नाही, किल्लेदाराला पैसे चारून घेतला गेला. आमच्या कागदी खेळात वेढा आठ चालींहून जास्त चालला की बाहेरचा खेळाडू सोनं लावून फासा टाकू शकतो. किल्लेदाराचा पगार थकलेला असेल तर फासा बाहेरच्या खेळाडूच्या बाजूने झुकतो. मागच्या दिवाळीत भावाने माझा सगळ्यात पक्का गड असाच घेतला, एकही सैनिक न गमावता. मी तीन चाली पगार दिला नव्हता, तोफा घेत बसलो होतो.