घराच्या वरच्या खोलीत ॲटमॉस स्टुडिओ, त्यासाठी कर्ज काढावं का?

नमस्कार, तुमचं पत्र मिळालं. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. चिरंजीव बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, सांगलीत घराच्या वरच्या खोलीत छोटा स्टुडिओ, भजनी मंडळांचे अभंग आणि गणपतीची गाणी रेकॉर्ड करून देतात. आता तीच खोली डॉल्बी ॲटमॉसची, म्हणजे आवाज चहूबाजूंनी आणि वरूनही आल्यासारखा वाटेल अशा मिक्सिंगची करायचीय, कोटेशन दहा लाखांचं आलंय आणि तुम्ही विचारताय की घर तारण ठेवून कर्ज काढावं का.

कर्ज काढू नका. पण पोराला ॲटमॉस शिकू द्या, त्याला अडवू नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मला वाटतं घरात त्या एकच धरून वाद चाललाय.

आधी ऐकणाऱ्यांचं बघा. ॲपल म्युझिकने जून २०२१ मध्ये ॲटमॉस गाणी आणली, ॲमेझॉन म्युझिकवर आहेत, स्पॉटिफायवर नाहीत, आणि तुमच्या भजनी मंडळांचे अभंग लोक ऐकतात ते यूट्यूबवर, फोनवर नाहीतर गाडीत, म्हणजे साधं, डाव्या-उजव्या दोन बाजूंचं स्टिरिओ. घरी छताला स्पीकर लावून गाणी ऐकणारे फार थोडे, ज्यांना ॲटमॉस ऐकायला मिळतं त्यातले बहुतेक हेडफोनवरच ऐकतात, तिथे शेवटी दोनच कानांत दोनच आवाज जातात, आवाज डोक्यामागून किंवा वरून आल्यासारखा वाटेल असा तो सॉफ्टवेअर घडवतं. पण प्रत्येकाच्या कानाची ठेवण वेगळी, त्यामुळे एकाला टाळ खरंच मागून ऐकू येतात आणि दुसऱ्याला वाटतं आवाज नुसता घुमतोय. घाईत केलेल्या मिक्समध्ये बुवांचा आवाज लांब जातो, पखवाजाच्या थापेतला दम जातो, आणि अभंगात या दोन गोष्टी गेल्या की राहिलं काय? उलट मोठी दिंडी, ढोलताशा पथक, देवळात झालेलं लाइव्ह भजन असं काही नीट माइक लावून रेकॉर्ड केलं असेल तर ॲटमॉसमध्ये अंगावर काटा येतो, हे मी मनापासून सांगतोय.

असले प्रयोग आधीही झालेत. १९७० च्या दशकात चार स्पीकरचं क्वाड्राफोनिक आलं, कंपन्यांच्या पद्धती एकमेकींशी जुळेनात आणि लोकांनी पाठ फिरवली, पुढे २००० च्या आसपास एसएसीडी आणि डीव्हीडी ऑडिओ या नव्या डिस्कवरचं ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) संगीत पण हौशी लोकांपुरतंच राहिलं. यावेळी फरक एवढा की एकच मास्टर फाइल हेडफोन, साउंडबार, होम थिएटर सगळीकडे चालते, त्यामुळे हे तसं बुडेल असं मला वाटत नाही. २०२४ पासून ॲपल ॲटमॉसमध्ये उपलब्ध गाण्यांना १० टक्क्यांपर्यंत जास्त रॉयल्टी देतं, पण ती जाते हक्क असलेल्याला, मिक्स करणाऱ्याच्या हातात नाही.

आता खोली. म्युझिकसाठी डॉल्बी ७.१.४ सुचवतं, म्हणजे कानाच्या पातळीवर सात, एक सबवूफर, वर चार, असे बारा स्पीकर, तेवढे आउटपुट असलेला इंटरफेस (कॉम्प्युटरमधला आवाज स्पीकरांना पोचवणारं यंत्र) आणि शिवाय खोलीत आवाज घुमू नये म्हणून अकूस्टिकचं काम. तुम्ही लिहिलंय स्लॅब साडेआठ फुटांवर आहे, म्हणजे वरचे स्पीकर डोक्यावरच येणार. शिवाय एक अभंग करायला येणारं मंडळ स्टिरिओचेच पैसे घासाघीस करून देतं, ते ॲटमॉसचे वेगळे कुठून देणार, हप्ता कशातून निघणार?

या कामाला खरी मागणी आहे ती सिनेमा आणि ओटीटीच्या पोस्ट प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे मुख्यतः मुंबईत. तिथे घेतील ते डायलॉग एडिटिंग, फोली (पावलं, दारं असे आवाज वेगळे रेकॉर्ड करणं), प्रीमिक्स (शेवटच्या मिक्सआधीची जुळणी) येतं म्हणून, घरी बारा स्पीकर आहेत म्हणून नाही. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा तीन वर्षांचा कोर्स आहे, पदवी लागते आणि बारावीला फिजिक्स लागतं, म्हणजे बीएस्सी अजिबात वाया जात नाही. प्रवेश परीक्षेची जाहिरात आली की अटी नीट वाचून फॉर्म भरायला लावा, कोलकात्याच्या सत्यजित रे फिल्म संस्थेचाही भरा.

तोवर शिकायचं कसं? त्याच्याकडे लॉजिक प्रो हे ॲपलचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहे म्हणताय, त्यात २०२१ पासून ॲटमॉसची सोय आतच आहे, हेडफोनवर काम होतं. टाळ, पखवाज, पेटी, कोरस वेगळ्या ट्रॅकवर असलेला एक अभंग घेऊ दे, ॲटमॉस मिक्स करू दे, लाउडनेस (गाण्याचा सरासरी मोठेपणा) उणे १८ एलकेएफएसच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि मग ते आणि त्याच गाण्याचं स्टिरिओ मिक्स, दोन्ही एकाच आवाजाला ठेवून, कुठलं कुठलं ते न सांगता, घरातल्या चार जणांना ऐकवू दे. जे आवडलं त्याचं कारण विचारू दे, त्यातून जेवढं समजेल तेवढं कुठल्या महागड्या क्लासात समजणार नाही. मिक्स जमतंय वाटलं की मुंबई-पुण्यात एखादी ॲटमॉस रूम तासावर भाड्याने घेऊन तिथे ऐकून यावं.

कोटेशनवाल्याला टोकन दिलं नसेल तर देऊ नका, दिलं असेल तर तेवढ्या पैशात सध्याच्या दोन स्पीकरसाठी बास ट्रॅप (खोलीतला जड घुमणारा आवाज शोषणारे पॅनल) आणि भिंतींचं ट्रीटमेंट करून मागा.