साताऱ्याहून पाचगणीला जाताना धुक्यात मागची काच पुसट राहते, डिफॉगर (काच तापवून धुकं घालवणारी सोय) चालत नाही. तपासणी कुठून सुरू करू?

आधी पाहा, काचेवरच्या तापणाऱ्या बारीक आडव्या रेषा सगळ्याच थंड आहेत की फक्त काही. इंजिन चालू ठेवूनच बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत त्याशिवाय तो चालत नाही, आणि १०-१५ मिनिटांनी टायमर आपोआप बंद करतो.

सगळ्याच थंड असतील तर फ्यूज (बहुतेक २० ते ३० अँपिअर) आणि रिले (डिफॉगरला वीज जोडणारा विद्युत स्विच) बघा. दोन्ही ठीक असतील तर डिफॉगर चालू ठेवून काचेच्या दोन्ही कडांना जिथे वायर जोडलेली असते, त्या पत्र्यांवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजणारं मीटर) लावा. १२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. नसतील तर डिकीच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर तपासा. डिकी उघडझाप करून ती आतल्या आत तुटते, वरून कळतही नाही. हॅचबॅकमध्ये हे फार होतं.

फक्त काही रेषा थंड असतील तर त्या रेषा तुटल्या आहेत. मीटरची काळी पिन बॉडीला लावा. लाल पिनेच्या टोकाला फॉइल गुंडाळा, नाहीतर रेषा खरवडेल, आणि पॉझिटिव्ह बाजूने सरकवत जा. चांगल्या रेषेवर व्होल्ट हळूहळू उतरतात, मध्यावर साधारण ६. जिथे १२ वरून एकदम शून्य होतात, तिथेच तुटलेलं आहे. तेवढ्या जागी रेषेच्या वर आणि खाली टेप लावून चांदीयुक्त कंडक्टिव्ह पेंट भरा आणि २४ तास वाळू द्या.

सनफिल्म ब्लेडने काढू नका, रेषा बहुतेक वेळा त्यातच जातात. काच पुसायची तर रेषांच्या दिशेनेच, आडवी.